आजीची बोरमाळ आणि सुफ्लोचा घुमट

काल दुपारी गॅलरीत धप्पकन काहीतरी पडलं. आजी म्हणाली, मांजर असेल. मांजर नव्हतं. वरच्या सज्ज्याचा ताटलीएवढा पोपडा निसटून झोपाळ्याशेजारी पडला होता, आणि तो जिथून सुटला तिथे गंजलेला गज उघडा पडला होता. झोपाळ्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं. चिऊ आणि बंडू सुट्टीला आलेली, दोघं धावत आली. चिऊने पोपडा उलटा करून पाहिला. त्याच्या पाठीवर गजाचा तांबडा ठसा उमटला होता.

"आबा, कुणी हात लावला नाही, धक्का दिला नाही. मग पडलं कसं?"

"आतून ढकललं," मी म्हटलं.

"कुणी?"

आता याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काँक्रीट बघण्यात गेली, तेवढं मला येतं. पण बाहेर ऊन मी म्हणत असताना, दुपार सगळी मोकळी असताना, एका वाक्यात उत्तर देणारा आजोबा काय कामाचा? मी म्हटलं, "बसा. एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्या इमारतीचंही असंच झालं. फक्त ती आपल्या घरापेक्षा जरा उंच आहे. 83 मीटर."

बंडूने मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मजले!"

"हो. आणि सगळी दगडाची."

फ्रान्समध्ये बरगंडी नावाचा प्रांत आहे. तिथे इरांसी हे लहानसं गाव, भोवती द्राक्षांचे मळे. 22 जुलै 1713 रोजी तिथे झाक जेर्में सुफ्लो जन्मला. बाप वकील, आणि पोरानेही वकीलच व्हावं असा त्याचा हट्ट. पोराचं चित्त मात्र भिंतींवर. विशीच्या आसपास तो उठला आणि थेट रोमला गेला. तिथे फ्रेंच राजाने कलावंतांसाठी चालवलेली अकादमी होती, तीत त्याला जागा मिळाली. पुढची काही वर्षं तो पडकी देवळं, खांब आणि कमानी मोजत हिंडला.

परत आल्यावर ल्यों शहरात त्याला एका मोठ्या इस्पितळाचं काम मिळालं. रोन नदीच्या काठावर लांबच लांब इमारत. त्या काळी लोक समजत की रोग वाईट हवेतून पसरतात. सुफ्लोने विचार केला: गरम हवा वर जाते, तर ती जिथे गोळा होईल अशी उंच जागा ठेवू, म्हणजे कोंदट हवा आपोआप निघून जाईल. म्हणून त्याने मधोमध घुमट काढला. जुन्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर कौलात धुराडं ठेवायचे ना, तसं. रोगाचं कारण त्या लोकांनी चुकीचं धरलं होतं, पण खेळती हवा रोग्याला चांगलीच. चुकीच्या कारणाने बरोबर काम झाल्याची उदाहरणं आमच्या खात्यातही पुष्कळ होती, पण ते असो.

त्याच ल्योंमध्ये 1741 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने तिथल्या विद्वानांच्या सभेत एक निबंध वाचला. विषय होता गॉथिक चर्च. उंचच उंच, टोकदार कमानींची, बाहेरून आधाराला दगडी बाहू लावलेली जुनी चर्च. तेव्हाचे शहाणे लोक त्यांना गावंढळ समजत. सुफ्लो म्हणाला, वरचं नक्षीकाम सोडा हो, त्याखालचा सांगाडा बघा. किती थोडक्या दगडात किती उंच गेलेत हे लोक!

मग 1750 मध्ये तो पुन्हा इटलीत गेला आणि दक्षिणेला पेस्टम नावाच्या जागी पोचला. तिथे समुद्राजवळच्या माळरानावर ग्रीकांनी बांधलेली तीन देवळं उभी आहेत, दोन-अडीच हजार वर्षांची. जाडजूड बुटके खांब, वर आडव्या दगडी तुळया. सुफ्लोने आणि त्याच्या एका सोबत्याने त्यांची मापं घेतली. युरोपात ग्रीक आणि रोमन पद्धतीचं जे वेड त्या शतकात पसरलं, त्याच्या सुरुवातीच्या माणसांत हा एक. त्या पद्धतीला आपण नवअभिजात म्हणतो.

"नव म्हणजे नवीन," बंडू म्हणाला, "आणि अभिजात म्हणजे जुनं. म्हणजे नवीन जुनं?"

"अगदी तेच. मुंबईत हॉर्निमन सर्कलसमोर पांढरा टाउन हॉल पाहिलास ना, भल्या मोठ्या पायऱ्यांचा? 1833 साली पुरा झाला. पुढचे ते खांब म्हणजे पेस्टमच्या खांबांचेच दूरचे चुलतभाऊ."

तर सुफ्लोच्या मनात काय आलं? ग्रीकांचे सरळ रुबाबदार खांब घ्यायचे आणि गॉथिकवाल्यांचा हलका सांगाडा घ्यायचा. दोघांचं लग्न लावायचं. पत्रिका काही जुळत नव्हती, आणि का जुळत नव्हती हे दाखवायला मी चिऊला स्वयंपाकघरातून बिस्किटं आणायला पाठवलं.

"हे बिस्कीट टेबलावर उभं धर आणि वरून दाब. मोडतं?"

"नाही."

"आता आडवं, दोन वाट्यांच्या काठांवर टेकव आणि मध्ये बोट दाब."

कट्ट. दोन तुकडे. एक तुकडा बंडूने लगेच खाल्ला, प्रयोगाचा पुरावा नष्ट झाला, पण मुद्दा कळला. आडव्या तुळईवर वजन आलं की ती वाकू पाहते. वरचा भाग चेपला जातो आणि खालचा ताणला जातो. दगडाला चेपणं भरपूर सोसतं, पण ताण त्याला फारसा सोसत नाही. खालून चीर पडते आणि ती वर चढत जाते. म्हणूनच आपल्या हेमाडपंती देवळांच्या मंडपात खांबांची इतकी दाटी असते. दगडी तुळई लांब पल्ल्यावर टाकलीच तर मोडायची. ग्रीकांचंही तेच. सुफ्लोला मात्र खांब लांब लांब हवे होते, आणि एवढ्या पल्ल्याचे अखंड दगड आणायचे कुठून? मग त्याने एक युक्ती केली. तुळई लहान लहान दगडांची जुळवायची आणि त्यांच्या पोटातून लोखंडी सळया ओवायच्या. माळेत मणी ओवावेत तशा. दगडाने चेपणं सोसायचं, लोखंडाने ताण.

बंडू वर उघड्या पडलेल्या गजाकडे बघायला लागला. "म्हणजे आपल्या स्लॅबसारखंच?"

"शंभर-दीडशे वर्षं आधी. त्या गजाकडे आपण परत येणार आहोत. धीर धर."

सुफ्लोला हे सगळं करून बघायची संधी मिळाली ती राजाच्या आजारपणामुळे. पंधरावा लुई 1744 मध्ये फार आजारी पडला. त्याने नवस बोलला: बरा झालो तर पॅरिसची रक्षणकर्ती संत झनव्हियेव्ह हिचं नवं देवालय बांधीन. बरा झाला. नवस फेडायला मात्र पैसे नव्हते, तेव्हा लॉटरीच्या तिकिटाची किंमत वाढवली गेली. 1755 साली काम सुफ्लोकडे आलं.

जागा टेकडीवरची, म्हणजे पायाला पक्की असणार असं कुणालाही वाटेल. खणायला घेतलं तर खाली विहिरीच विहिरी! त्याच्या दीड हजार वर्षं आधी रोमन काळातल्या कुंभारांनी चांगल्या मातीच्या शोधात तो सगळा डोंगर पोखरून ठेवला होता. त्या विहिरी शोधायच्या, साफ करायच्या, बांधून भरून काढायच्या. यातच वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी 6 सप्टेंबर 1764 रोजी राजा कोनशिला बसवायला आला, तेव्हा जमिनीवर बघण्यासारखं फारसं काही नव्हतंच. म्हणून देवालयाचं दर्शनी अंग पूर्ण आकारात कापडावर रंगवून तिथे उभं केलं होतं. राजाने कापडाचे खांब पाहिले आणि तो खूश झाला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या खात्यातले काही मंत्र्यांचे दौरे आठवले.

आता दगडाचं सांगतो, कारण मला सगळ्यात गोड वाटते ती हीच गोष्ट. पॅरिसच्या आसपासचा तो फिकट पिवळसर चुनखडीचा दगड मुळात समुद्राचा तळ आहे. साडेचार कोटी वर्षांपूर्वी तिथे उबदार, उथळ समुद्र होता. त्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जीव राहत, प्रत्येकाच्या अंगावर चुन्याचं कवच. मेले की कवच खाली. धूळ बसावी तशी ही कवचं बसत गेली, थरावर थर. अधूनमधून हातभर लांबीचे शंखही त्यात गाडले गेले. त्या दगडाच्या काळाला भूशास्त्रज्ञ ल्युटेशियन म्हणतात, पॅरिसचं जुनं रोमन नाव ल्युटेशिया होतं त्यावरून. ती कवचं दाबली जाऊन दगड झाला, दगडाच्या खाणी झाल्या, खाणींतून शहर वर आलं. इतकं, की शहराखाली पोकळ्याच पोकळ्या झाल्या. 1774 मध्ये तिथला एक अख्खा रस्ता खचून खाणीत गेला.

"आपल्या दगडात शंख असतात?" चिऊने विचारलं.

आपला काळा दगड लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उकळत वर आला, त्यात शंख कुठून टिकणार? पण मुंबईतल्या किती तरी जुन्या इमारतींना पोरबंदरचा पिवळट दगड लावलाय. तो पाहायचा भिंग घेऊन. त्यातही तसल्याच सूक्ष्म जीवांची कवचं असतात. मिलिओला त्यांचं नाव, म्हणून त्या दगडाला मिलिओलाइट म्हणतात. वयाने तो पॅरिसच्या दगडापुढे अगदी तान्हा. पण बांधकामाला दगड हवा म्हटलं की माणूस शेवटी शिंपल्यांच्या दारात जातो, इकडेही आणि तिकडेही.

तर देवालय वाढत होतं. बेत असा की मधोमध चार खांब, तिकोनी, त्यांत अर्धे बाहेर आलेले गोल स्तंभ, आणि त्या चौघांच्या डोक्यावर अख्खा दगडी घुमट. त्या काळच्या मोठ्या चर्चांमध्ये अशा घुमटाखाली हत्तीच्या पायासारखे ओबडधोबड आधार असत. सुफ्लोचे खांब त्यांच्यापुढे अगदी काडीपैलवान. 1770 मध्ये पिएर पात नावाच्या एका वास्तुकाराने पत्रक छापलं: हे खांब घुमट पेलणार नाहीत, कोसळणार. झालं! सगळ्या पॅरिसला विषय मिळाला.

इथे मला सुफ्लोच्या बाजूच्या माणसांचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे असा वाद झाला की दोन्ही बाजू आपापल्या वडीलधाऱ्यांचे दाखले देतात. एमिलां गोते नावाच्या अभियंत्याने काय केलं? त्याने एक यंत्र बनवलं. लांब दांडीची तरफ, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकापाशी दगडाचा छोटा तुकडा. वजन वाढवत जायचं, दगड कधी फुटतो ते लिहून ठेवायचं.

"अडकित्ता!" चिऊ म्हणाली.

अडकित्ताच. फक्त सुपारीऐवजी दगड. आणि उत्तर आलं की खांबांवर जितकं ओझं पडणार, त्याच्या कितीतरी पट ओझ्याने हा दगड फुटतो. सुफ्लोच्या खांबांत जीव होता. दगड किती सोसतो हे जुने पाथरवट अंदाजाने जाणत. आता ते मोजून, आकड्यात लिहून ठेवायला सुरुवात झाली. तो दिवस माझ्या मते घुमटाहून मोठा.

फ्रान्सचा सगळ्यात नावाजलेला पूल बांधणारा पेरोने, तोही सुफ्लोच्या बाजूने उतरला. त्याने जे लिहिलं ते वाचून मी चाट पडलो. त्याचं म्हणणं असं, की गॉथिक चर्चांची जादू प्राण्यांच्या शरीरात आहे. ते बारीक उंच खांब आणि फासळ्यांसारख्या कमानी म्हणजे हाडं. त्यांच्यामधले पातळ दगडी पडदे म्हणजे मांस. हाडं भार वाहतात, मांस नुसतं जागा भरतं. आता बंडू, तुझ्या मांडीचं हाड केवढं असतं? पळताना, उडी मारताना तुझ्या वजनाच्या कितीतरी पट भार ते सोसतं. आणि तरीही ते भरीव नाही. आत पोकळी, टोकांना बारीक जाळी. निसर्ग हाडात एक तोळा माल वाया घालवत नाही. सुफ्लोला तसा दगड हवा होता.

आणि मग 1776 मध्ये त्या चार खांबांना तडे गेले.

पात जिंकला, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण मग अडकित्त्याचं काय? दगड तर मजबूत निघाला होता. आता हे कोडं दोघांना घालायचं म्हणून मी बंडूच्या फळ्याचे दोन खडू मागवले. एकाचं टोक फरशीवर घासून सपाट केलं. दुसऱ्याच्या टोकात आजीच्या सेफ्टी पिनने वाटीसारखा खळगा कोरला, म्हणजे कड तेवढी वर राहिली. दोन्ही फरशीवर उभे करून वरून तळव्याने हळूहळू दाबायला सांगितलं. सपाट खडू चिऊचं सगळं वजन घेऊन गप्प उभा राहिला. खळग्याचा खडू जरा दाबताच कडेने कचकच उडाला.

"खडू तर एकाच पेटीतले," चिऊ म्हणाली.

तेच तर. सुफ्लोच्या खांबांतही तेच झालं होतं. खांब एकावर एक दगड ठेवून रचलेले. बाहेरून सांधा केसासारखा बारीक दिसावा, फट दिसूच नये, म्हणून गवंड्यांनी दगडांच्या कडा तेवढ्या नीट घासल्या आणि मधला भाग आत खोलगट ठेवला. ती पोकळी चुन्याने भरली, दगडाखाली लाकडी पाचरी सारल्या. चुना वाळला, आकसला, मधला आधार गेला. सगळ्या घुमटाचं ओझं आता फक्त कडेच्या बोटभर पट्टीवर. दगड फुटणार नाही तर काय? ओझं जास्त नव्हतं. ते सगळ्या अंगावर सारखं बसलं नव्हतं, एवढंच. हे पुढे झाँ-बातिस्त रोंदले याने शोधून काढलं. तो सुफ्लोच्या हाताखाली काम केलेला. इतकी वर्षं विद्वान मंडळी घुमटाच्या गणितावर भांडत होती, आणि घोटाळा होता न दिसणाऱ्या सांध्यात. गवंड्याचा दोष म्हणाल, तर सांधा देखणा हवा असा हट्ट वरच्यांचा असणार. तीस वर्षांच्या नोकरीवरून हे मी पैजेने सांगतो.

सुफ्लोला हे कळलं नाही. 29 ऑगस्ट 1780 रोजी तो गेला. त्या तड्यांच्या काळजीने गेला असं लोक म्हणतात. घुमट अजून चढायचाच होता.

इतका वेळ आजी आत तांदूळ निवडत ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "अहो, मग घुमट केला कुणी?"

"तुझी बोरमाळ दे, सांगतो."

"सोन्याची आहे ती!"

"म्हणून तर. जड आहे, चांगली लोंबेल."

बोरमाळ मिळाली, पण आजी शेजारी पहाऱ्याला बसली. मी माळेची दोन टोकं दोन हातांत धरली. मधली माळ लोंबून एक बाक तयार झाला. या बाकात एकेक मणी नुसता ओढला जातोय, वाकवलं कुणालाच जात नाही. आता हा बाक उलटा केला तर? जिथे ओढ होती तिथे दाब होईल. प्रत्येक मणी शेजारच्याला दाबेल, वाकवणार कुणी नाही. आणि दगडाला तर नुसता दाबच हवा असतो! हे इंग्लंडातल्या रॉबर्ट हूकने 1675 साली ओळखलं, आणि कुणी चोरू नये म्हणून अक्षरांची सरमिसळ करून कोड्यासारखं छापलं. 1748 मध्ये इटलीतल्या पोलेनीने रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाची तब्येत तपासायला साखळीला बत्तीस वजनं लटकवून पाहिली होती.

रोंदले आणि सुफ्लोचा पुतण्या यांनी 1790 मध्ये घुमट पुरा केला. खरं तर तिथे तीन घुमट आहेत, एकात एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे, आणि तिन्ही दगडाचे. बाहेरचा लांबून शोभणारा, आतला खालून दिसणारा, आणि त्यांच्यामध्ये लपलेला तिसरा. शिखरावरच्या दगडी मंडपीचा भार या तिसऱ्यावर आहे, आणि त्याचा आकार लोंबत्या साखळीचा, उलटा. मी बोरमाळेच्या मधोमध आजीच्या कपाटाची किल्ली अडकवली. बाक लगेच टोकदार झाला. मुलांना सांगितलं, शिखरावर वजन असेल तर घुमट थोडा अंड्यासारखा निमुळता का हवा, ते ही किल्ली सांगते. मधल्या घुमटाचा घाट तसाच आहे.

"झालं?" म्हणत आजीने बोरमाळ काढून घेतली.

बाकीचं भराभर सांगितलं. तोवर फ्रान्समध्ये क्रांती झाली होती. 1791 मध्ये देवालय राष्ट्राच्या थोर माणसांचं समाधिस्थान झालं, नाव पँथियन. खालच्या खिडक्या बुजवल्या गेल्या आणि सुफ्लोला हवा असलेला उजेड गेला. मला विचाराल तर तड्यांपेक्षा त्याला याचंच जास्त वाईट वाटलं असतं. खांबांना रोंदलेने पुढे बळकटी दिली. तळघरात व्हॉल्तेर आहे, रूसो आहे, आंधळ्यांना लिपी देणारा ब्रेल आहे, आणि 1995 पासून मारी आणि पिएर क्यूरी.

पण त्या घुमटाचा सगळ्यात झकास उपयोग केला लिआँ फूकोने, 1851 च्या मार्चमध्ये. गवंड्याचा ओळंबा माहीत आहे ना? दोरीला लावलेलं वजन, भिंत सरळ आहे का बघायला. फूकोने घुमटातून 67 मीटर लांबीची तार सोडली आणि खाली 28 किलोचा गोळा लावला. एक झोका जाऊन परत यायला सोळा सेकंदांहून थोडा जास्त वेळ. खाली रेतीची कड केली, गोळ्याच्या टोकाने रेतीत रेघ पडावी म्हणून. पहिली रेघ पडली. पुढच्या झोक्याला रेघ दोन-अडीच मिलिमीटर सरकलेली! गोळ्याला कुणी ढकललं नव्हतं. तो आपल्या दिशेने झुलत होता. सरकत होती खालची फरशी, तिच्यासकट पॅरिस, तिच्यासकट पृथ्वी. पृथ्वी फिरते हे पुस्तकांत तीनशे वर्षं लिहिलेलं होतं. त्या दिवशी लोकांनी ते घरात उभं राहून डोळ्यांनी पाहिलं.

"आपण इथे लावला तर?" बंडूचे डोळे जिन्याच्या पोकळीकडे.

ध्रुवावर लावला तर झोक्याची दिशा चोवीस तासांत पुरी फिरते. विषुववृत्तावर फिरतच नाही. पॅरिसला सुमारे बत्तीस तास लागतात. पुण्याला लावलास तर तीन दिवसांहून थोडं जास्त. आपल्या जिन्यात एवढा वेळ आजी झोका चालू देणार नाही.

"आणि आमचा पोपडा?" चिऊने सकाळपासून... नाही, दुपारपासून तो मांडीवर धरून ठेवला होता. मला वाटलं विसरली असेल.

तर तो पोपडा. सुफ्लोने दगडांच्या पोटात ओवलेलं लोखंड आठवतं? नव्या चुन्यात, नव्या सिमेंटमध्ये लोखंड सुखात असतं, कारण ती क्षारधर्मी असतात, त्याला गंजू देत नाहीत. पण कुठेतरी फट राहते. पाणी झिरपतं, हवा शिरते, वर्षानुवर्षं. तो क्षार हळूहळू मरतो आणि लोखंड गंजायला लागतं. गंज नुसता तांबडा नसतो, तो जागा खातो. मुळातल्या लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत फुगतो. आत जागा नाही, मग तो भोवतालच्याला बाहेर ढकलतो. तेच ते ताणणं, जे दगडाला सोसत नाही, सिमेंटलाही नाही. 1985 मध्ये पँथियनच्या आत वरून दगडाचे तुकडे खाली पडायला लागले. खाली लोक उभे राहत ती जागा बंद करावी लागली, जाळ्या बांधाव्या लागल्या. घुमटाची मोठी दुरुस्ती 2015 पर्यंत चालली. दोनशे वर्षांपूर्वी ज्या सळयांनी तुळया तोलून धरल्या, त्यांनीच आतून दगड फोडले.

"म्हणजे सुफ्लोचं चुकलं?" बंडूने विचारलं.

मी म्हटलं, दोनशे वर्षं टिकलेल्या कामाला मी तरी चूक म्हणणार नाही. आपल्या सज्ज्याचा पोपडा तिसाव्या वर्षी पडला.

सुफ्लोचं शव 1829 मध्ये त्याच इमारतीच्या तळघरात आणून ठेवलं गेलं. तड्यांचे खांब डोक्यावर घेऊन तो तिथेच आहे.

आज सकाळी गवंडी येऊन गेला. आधी वरची गळती बंद करणार, मग सैल झालेलं सगळं तोडून गज तारेच्या ब्रशने पांढरा होईपर्यंत घासणार, आणि मगच गिलावा. नुसता वरून गिलावा मारून द्या म्हणणारा एक आला होता, त्याला चिऊनेच परत पाठवलं. तुम्हीही तुमच्या गॅलरीच्या छताकडे एकदा मान वर करून बघा. पांढऱ्या रंगावर तांबडा ओघळ किंवा गजाच्या रेषेत सरळ चीर दिसली, तर पावसाळ्याआधी कुणाला तरी बोलवा, आणि तोवर झोपाळा तिथून हलवा.